मेंदूज्वरातून उठलेलं मूल आणि आपली शाळा

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली. एआयवर बोल. पोट्ट्यांच्या नोकऱ्या राहतील का जातील ते सांग." पण आपल्या बॅचमधले कितीतरी जण माझ्याच धंद्यात आहेत. जेवणाच्या पंगतीत तो विषय निघणारच आहे, म्हणून मी दुसरा मागून घेतला.

गेली काही वर्षं मी एमआरआयच्या चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर लिहिते. मशीनमधून आकड्यांचा ढीग निघतो. त्याचं डॉक्टरांना स्क्रीनवर नीट दिसेल असं चित्र करायचं, आधीच्या आणि आताच्या स्कॅनची तुलना करता येईल अशी सोय करायची, हे आमचं काम. मी डॉक्टर नाही. समोर आपले डॉक्टर मित्र बसले आहेत, त्यांनी कुठे चुकलं तर तिथल्या तिथे टोकावं.

आज मी बोलणार आहे मेंदूज्वर झालेल्या मुलांबद्दल. त्यांच्या मेंदूच्या चित्रात काय दिसतं, काय दिसत नाही, आणि दवाखान्यातून घरी आल्यावर पुढची पाच-दहा वर्षं काय होतं. हा विषय शाळेच्या मेळाव्यात कशाला, असं वाटेल. माझं म्हणणं एवढंच आहे की या मुलांचं बरं होणं सगळ्यात जास्त काळ ज्या ठिकाणी चालतं आणि सगळ्यात स्पष्ट जिथे दिसतं, ते ठिकाण म्हणजे वर्ग. आणि या सभागृहात आपले शिक्षक आहेत, आपल्यातलेच पुढे शिक्षक झालेले आहेत, आणि बाकीचे आपण सगळे पालक आहोत.

आधी आपल्या भागाबद्दल. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत विदर्भातल्या एका गावाचं नाव एका विषाणूला दिलेलं आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. त्या वेळी चांदीपुरा गावातल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते दोन्ही रुग्ण मोठी माणसं होती. त्यानंतर बरीच वर्षं हा विषाणू कागदावरच राहिला म्हटलं तरी चालेल.

२००३ च्या पावसाळ्यात तो मुलांवर उलटला. आंध्र प्रदेशात जून ते ऑगस्टमध्ये ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली. त्या वर्षी विदर्भातही मुलं दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागात पुन्हा साथ आली, ७८ रुग्ण, आणि शंभरातली ४३-४४ मुलं वाचली नाहीत. अगदी अलीकडे, २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत आणि आसपास मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा विषाणू नक्की सापडला. सकाळी खेळणारं मूल दुपारी तापानं फणफणतं, रात्री झटके येतात आणि एक-दोन दिवसांत सगळं संपतं, असा हा आजार आहे. तो पसरवते सँडफ्लाय नावाची, डासापेक्षाही बारीक माशी. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचे कोपरे, ओलसर अंधाऱ्या जागा हे तिचं घर. यावर लस नाही, नेमकं औषध नाही. भिंतीच्या भेगा लिंपणं, गोठा स्वच्छ ठेवणं, फवारणी आणि मच्छरदाणी एवढंच हातात आहे.

पण मेंदूज्वर म्हणजे फक्त चांदीपुरा नव्हे. मेंदूला सूज येण्याची कारणं पुष्कळ आहेत. धानाच्या बांध्यांत वाढणारा क्युलेक्स डास जपानी मेंदूज्वर पसरवतो. त्याचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत मुक्काम करतो. त्यावर लस आहे, आणि ज्या जिल्ह्यांत हा आजार आढळतो तिथे ती नेहमीच्या लसीकरणात नवव्या महिन्यात आणि नंतर दीड-दोन वर्षांच्या दरम्यान देतात. नागिणीच्या कुळातला हर्पिस नावाचा विषाणू मेंदूत शिरतो. झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस मेंदूपर्यंत जातो, आणि तो डॉक्सीसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त औषधानं बरा होतो, फक्त वेळेत आठवायला हवा. कधी बाहेरचा जंतू नसतोच, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. आणि कित्येक मुलांमध्ये सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. कागदावर नुसतं "तीव्र मेंदूज्वर" एवढंच लिहिलं जातं.

आता माझ्या कामाकडे येते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे. जोरदार चुंबकात ठेवल्यावर हायड्रोजनचे केंद्रक एका दिशेनं वळतात. त्यांना रेडिओच्या लहरींनी धक्का दिला की ते डगमगतात आणि पुन्हा जागेवर येताना बारीकसा सिग्नल देतात. हा सिग्नल पकडून, त्यावर गणित करून चित्र तयार होतं. या चित्रामागच्या कामाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळालं तेही २००३ साली, म्हणजे ज्या वर्षी आंध्रात ती साथ होती त्याच वर्षी.

थोडक्यात, एमआरआय पाण्याचं चित्र काढतो. मेंदूचा एखादा भाग सुजला की तिथे पाणी वाढतं, आणि काही प्रकारच्या चित्रांत तो भाग पांढरा दिसतो. डिफ्यूजन नावाच्या दुसऱ्या प्रकारात पाणी मोकळं हलतंय की पेशींत अडकून पडलंय ते कळतं. पेशी मरायला लागल्या की पाणी अडकतं, म्हणून पहिल्या काही दिवसांत हे चित्र फार उपयोगी. मूल मशीनमध्ये हललं तर चित्र बिघडतं, म्हणून लहान मुलांना बहुतेक वेळा झोपेचं औषध द्यावं लागतं.

चित्रावरून डॉक्टरांना बरंच कळतं. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाची दोन अंडाकार केंद्रं आहेत. शरीराकडून येणाऱ्या जवळपास सगळ्या संवेदना तिथूनच पुढे जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते मेंदूतलं बडनेरा जंक्शन. जपानी मेंदूज्वरात दोन्ही बाजूंचे थॅलॅमस पांढरे दिसतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या मिश्रा आणि कलिता या डॉक्टरांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आजारातून उठलेल्या रुग्णांचे हातपाय आखडणं, थरथरणं, वेडेवाकडे वळणं, हे त्यांनी या खोलवरच्या केंद्रांच्या इजेशी जोडून दाखवलं. हर्पिसमध्ये कानाच्या आतल्या बाजूचा, आठवणींशी संबंध असलेला भाग बिघडतो. तसं चित्र दिसलं, किंवा नुसती शंका जरी आली, तरी डॉक्टर अॅसायक्लोव्हिर लगेच सुरू करतात, रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. कारण उपचार न मिळालेले शंभरातले सत्तर रुग्ण दगावत असत. म्हणजे चित्र जीव वाचवतं, यात वाद नाही.

प्रश्न पुढचा आहे. आयसीयूच्या दाराशी बसलेले आईबाप चित्राकडे बोट दाखवून जे विचारतात, त्याचं उत्तर चित्रात नसतं. ते विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरगं पुन्हा पहिल्यासारखं होईल ना?"

दोन उदाहरणं देते. लसीनंतर किंवा साध्या तापानंतर मुलांना कधी कधी एक आजार होतो, त्यात प्रतिकारशक्ती मेंदूतल्या तारांच्या वेष्टनावर हल्ला करते. त्याचं स्कॅन बघून छातीत धस्स होतं, मेंदूभर पांढरे डाग. पण स्टेरॉइड मिळाल्यावर त्यातली बरीच मुलं काही आठवड्यांत, महिन्यांत चालायला-बोलायला लागतात. याच्या अगदी उलट दुसरा आजार, २००७ साली अमेरिकेत जोसेप डालमाउ यांच्या गटानं ओळखलेला. यात मूल अचानक विचित्र वागतं, बोलणं थांबतं, झटके येतात, घरचे भुताखेताला लागतात. आणि निम्म्याहून जास्त रुग्णांचं एमआरआय अगदी स्वच्छ! चित्र स्वच्छ असूनही मूल महिनोन्महिने आजारी राहतं. तरी उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण दोन वर्षांत चांगले सुधारतात. दोन वर्षांत, हे लक्षात ठेवा. दोन आठवड्यांत नाही.

म्हणजे चित्र वाईट म्हणून मूल वाया गेलं असं नाही, आणि चित्र चांगलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. पाण्याचं चित्र त्या दिवसाचं असतं. तारा पुन्हा कशा जुळतील, सिग्नल किती वेगानं जाईल, ते त्यात येत नाही. जंक्शनची इमारत दुरुस्त झालेली फोटोत दिसते. गाड्या वेळेवर धावताहेत का, ते फोटोत कसं दिसणार? त्यासाठी फलाटावर उभं राहावं लागतं.

तसं उभं राहून पाहण्याचं काम आपल्या शेजारच्या कर्नाटकात झालं आहे. बल्लारीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि मलेशियात लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी स्थानिक डॉक्टरांबरोबर मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यातून २०१० साली एक साधी मोजपट्टी तयार झाली. पालकांना दहा प्रश्न आणि मुलाच्या पाच कृती. मूल स्वतः जेवतं का, बोलतं का, कपडे घालतं का, घरच्यांव्यतिरिक्त माणसं ओळखतं का, वागणं बदललंय का, शाळेत जातं का, पुन्हा झटके आले का, त्याला एकटं सोडता येतं का. मग बसून, उभं राहून, चालून, हात डोक्यावर ठेवून आणि एक बारीक वस्तू उचलून दाखवायची. संपलं. यात यंत्र नाही, एमआरआयचा एकही प्रश्न नाही. आशा सेविकेलाही अंगणात बसून भरता येईल असा हा कागद आहे. मी रोज लाखो आकडे हाताळणारी बाई, पण हा पंधरा ओळींचा कागद वाचला तेव्हा वाटलं, आपल्या सॉफ्टवेअरला जे सांगता येत नाही ते यात आहे.

मलेशियातल्या पाठपुराव्यात आणखी एक गोष्ट दिसली. घरी गेल्यावर काही मुलं सुधारत गेली, तर काही घसरली. खरा निकाल कळायला एक-दोन वर्षं तरी थांबावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांना कायमचा काही ना काही त्रास राहतो, शरीराचा, बुद्धीचा किंवा वागण्याचा.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. तिच्या आईला विचारूनच सांगते, नाव मात्र घेत नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी, दर्यापूरकडची. साडेपाच वर्षांची असताना पावसाळ्यात ताप आला, पहाटे झटके सुरू झाले. आधी अमरावती, मग नागपूर. एकोणीस दिवस दवाखान्यात. कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. एमआरआयमध्ये दोन्ही थॅलॅमस पांढरे होते. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केलं, ते जवळजवळ स्वच्छ. घरात सगळ्यांनी हात जोडले. अंबादेवीला जाऊन ओटी भरून आले. "सुटलो बाप्पा," मावशी म्हणाली. फाईल माळ्यावर गेली.

पहिली-दुसरी छान गेली. कविता पाठ, अंक पाठ. चौथीपासून तक्रारी यायला लागल्या. फळ्यावरचं उतरवून घ्यायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ. मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं ठेवून झोपते. एका वेळी तीन गोष्टी सांगितल्या तर एकच आठवते. आणि राग! आधी कधी न रागावणारी पोर पाटी फेकायला लागली. वर्गातून निरोप आला, लक्ष नाही, घरी अभ्यास घेत जा. घरच्यांनी शिकवणी लावली. शाळा, शिकवणी, पुन्हा गृहपाठ. पोर आणखी थकली, आणखी चिडली. "काहून करतं ही असं?" एवढंच जो तो विचारायचा. माळ्यावरच्या फाईलशी याचा काही संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. स्कॅन स्वच्छ होतं ना!

डॉक्टरांना हे नवं नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो लक्ष टिकवणं, बेत आखणं, राग आवरणं ही कामं करतो, तो पूर्ण पिकायला विशी ओलांडावी लागते. सहाव्या वर्षी बसलेला धक्का सहाव्या वर्षी दिसत नाही, कारण सहा वर्षांच्या मुलाकडून कोणी या गोष्टींची अपेक्षाच करत नाही. चौथी-पाचवीत अभ्यास वाढतो, तेव्हा उणीव उघडी पडते. आपल्याकडे शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पऱ्हाटी लहान असताना मुळाला बसलेला मार बोंडं धरायच्या वेळी कळतो, आणि तेव्हा लोक म्हणतात, बियाणंच खराब होतं.

सहावीत तिला नवीन वर्गशिक्षिका मिळाल्या. त्यांनी काही मोठं केलं नाही, नुसतं पाहिलं. पहिल्या तासाला ही मुलगी हात वर करते, शेवटच्या तासाला तोच प्रश्न विचारला तरी गप्प बसते. ढ असती तर पहिल्या तासालाही गप्प बसली असती. त्यांनी आईला बोलावून एकच प्रश्न विचारला, "लहानपणी काही मोठं आजारपण झालं होतं का?" त्या दिवशी फाईल माळ्यावरून खाली आली.

मग तपासणी झाली, मानसशास्त्रज्ञांनी चाचण्या घेतल्या. बुद्धी ठीक, पण विचारांचा वेग कमी आणि थकवा लवकर. गणित सकाळच्या तासाला आलं. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स मिळू लागली. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटायची परवानगी. शिकवणी बंद. हे सगळं बिनपैशाचं. गोष्ट गोड करून सांगणार नाही. सातवीत तिला एकदा पुन्हा झटका आला, औषध सुरू आहे. राग अजून येतो. पण आता ती नववीत आहे, पास होत आली आहे, आणि स्वतःबद्दल तिला जे कळलंय ते आम्हा मोठ्यांना कळायला पाच वर्षं लागली. मला म्हणते, "मावशी, मले येते, पण उशिरा येते."

इथे कोणी विचारेल, तुमचं एआय हे आधीच सांगू शकणार नाही का? थोडं सांगू शकेल. मेंदूच्या प्रत्येक भागाचं आकारमान आता सॉफ्टवेअर मोजतं, एकाच मुलाच्या दोन स्कॅनमधला बारीक फरक दाखवतं. पण फरक कशाच्या तुलनेत? सॉफ्टवेअरला आधी एक नमुना मेंदू लागतो, आणि वर्षानुवर्षं आपण कॅनडातल्या माँट्रियलमध्ये बनलेला नमुना वापरत आलो. २०२० साली बंगळुरूच्या निम्हान्सच्या गटानं भारतीय माणसांच्या स्कॅनवरून नमुने तयार केले, त्यात ६ ते ११ आणि १२ ते १८ या वयांचे वेगळे आहेत. हे मोठं काम आहे. तरीसुद्धा शेवटच्या तासाला हात वर होत नाही, हे कोणत्याही नमुन्यात दिसणार नाही. ते बाईंनाच दिसलं.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम चालतो की नाही हे एकदा तपासून कोणी घरी जात नाही. रोजची नोंद ठेवतात, कधी मंदावला, कोणत्या कामानंतर मंदावला. या मुलांसाठीही तीच नोंद हवी, आणि ती ठेवण्याची जागा म्हणजे शाळा. वर्षातले दोनशे दिवस, रोज पाच-सहा तास, त्याच वयाच्या चाळीस मुलांच्या शेजारी. एवढी चांगली तुलना कोणत्याही दवाखान्यात होत नाही.

म्हणून शिक्षक मित्रांसाठी काही गोष्टी. एका वेळी एकच सूचना द्या. अवघड विषय सकाळी. चुका मोजताना वेळही पाहा, दुप्पट वेळ दिल्यावर मूल बरोबर लिहितं का ते बघा. वागण्यातला बदल तारखेसह एका वहीत टिपा, डॉक्टरला ती वही रिपोर्टइतकीच उपयोगी पडते. वर्गात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना. आणि बाकीच्या मुलांना दोन वाक्यांत समजावून सांगा, कारण न सांगितलेल्या गोष्टीच्या जागी "अंगात येतं" ही गोष्ट तयार होते.

पालकांसाठी. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची फिल्म उन्हात, माळ्यावर ठेवू नका. स्कॅनची सीडी काही वर्षांनी उघडत नाही, म्हणून तिची प्रत आजच कॉम्प्युटरवर काढून ठेवा. झटक्याचं औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका. दवाखान्यातून सुटल्यावर तीन महिन्यांनी, वर्षानं आणि शाळेची पायरी बदलताना, म्हणजे पहिली, पाचवी, आठवीत, मुलाला पुन्हा दाखवा, काही तक्रार नसली तरी.

सरकारी सोयी आहेत, त्या मागाव्या लागतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळा एकदा तपासतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे वाचा, व्यायाम, मानसशास्त्र अशी मदत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात न दिसणारे प्रकारही आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मज्जासंस्थेचे दीर्घकाळचे विकार आहेत. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण ते दहावीच्या डिसेंबरात आठवून उपयोग नाही, आठवीपासूनच लागावं लागतं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या पालकाला यासाठी अमरावतीला किती खेपा कराव्या लागतात, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपल्या बॅचचे लोक अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत. कोणी दवाखान्यात, कोणी जिल्हा परिषदेत, कोणी शिक्षण खात्यात. अशा पालकाची एक खेप जरी वाचवता आली तर वाचवा.

शेवटी एकच मागणं. मेळाव्याच्या निधीतून काय करावं यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. कमान, पंखे, संगणक, जे ठरेल ते ठरू द्या. मी मागते त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या शाळेच्या प्रवेश अर्जात एक ओळ वाढवावी: "मुलाला कधी तापात झटके येऊन किंवा बेशुद्ध होऊन दवाखान्यात भरती करावं लागलं होतं का? कोणत्या वर्षी?" उत्तर "हो" असेल तर ते फक्त वर्गशिक्षकांकडे राहावं, दरवर्षी पुढच्या वर्गशिक्षकांकडे जावं, आणि त्याचा वापर मुलावर शिक्का मारायला कधीही होऊ नये. मुलाला प्रवेश नाकारायला तर नाहीच नाही. आपल्यातले जे दुसऱ्या शाळांत शिकवतात, त्यांनी आपापल्या मुख्याध्यापकांपुढे हीच ओळ ठेवावी.

जूनच्या अखेरीला आपल्याकडच्या शाळा उघडतात. पावसाळाही तेव्हाच लागतो, आणि मेंदूज्वराचे दिवसही तेव्हाच सुरू होतात. त्याआधी अर्ज छापून व्हायला हवेत, म्हणून ही ओळ याच महिन्यात ठरवू या. मुख्याध्यापक सर इथेच बसले आहेत. मसुदा मी लिहून आणला आहे, चहाच्या वेळी त्यांच्या हातात देते.